टाळूवरून हात फिरवताना

जेवणं झाली, भांडी घासून पालथी पडली, घरातला टीव्ही बंद झाला की बसा. खुर्चीत, पलंगाच्या कडेला, जसं सोयीचं असेल तसं. मांडी घालायलाच हवी असं नाही. फक्त आरसा समोर नको आणि मोबाइलचा कॅमेरा तर मुळीच नको. आरशात आपण स्वतःचं डोकं बघत नाही. लग्नात मागच्या रांगेत बसलेल्यांना ते कसं दिसत असेल ते बघतो. आज त्या मंडळींना रजा द्या.

हे मनन पुरुषांच्या टकलावर आहे. ज्यांचं कपाळ वर सरकू लागलंय, दोन्ही बाजूंना खाचा पडल्यात, भोवऱ्यापाशी कातडी दिसायला लागलीय, त्यांनी स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून वाचावं. ज्यांचे केस शाबूत आहेत त्यांनीही वाचायला हरकत नाही. रीत सोपी आहे. हात एकेका जागी ठेवायचा आणि तिथे कातडीखाली काय चाललंय याचा सावकाश विचार करायचा. घाई नको. जे काम वर्षानुवर्षं चालतं, ते पाच मिनिटं जास्त लागली म्हणून बिघडणार नाही.

आधी एक केस लागेल. लांब जायला नको; कंगव्यात, उशीच्या अभ्र्यावर, बाथरूमच्या जाळीवर सापडेल. तो दिव्यासमोर धरा. एका टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसेल. ‘मुळासकट निघाला’ म्हणत आपण ज्याचा धसका घेतो तो हाच. आज त्याच्याकडे जरा वेळ बघा. वाढ संपलेल्या केसाचं ते घट्ट झालेलं बूड आहे. केस तयार करणारी जागा कातडीत जिथल्या तिथे आहे, आणि बहुधा तिथे पुढच्या केसाची तयारी सुरूही झाली आहे.

डोक्यावरचा प्रत्येक केस आपल्या वेळेने चालतो. दोन ते सहा वर्षं तो वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत त्याचं मूळ आक्रसतं. त्यानंतर तीनेक महिने तो नुसता बसून राहतो आणि एक दिवस न्हाताना सुटतो. डोक्यावर लाखभर केस धरले तर रोज ५० ते १०० जाणारच. शेजारच्या केसाची वेळ वेगळी असते, म्हणून आपलं डोकं एकदम रिकामं होत नाही.

बोट भुवईवर न्या. भुवईचा केस काही महिनेच वाढतो, म्हणून भुवया कधी कापून घ्याव्या लागत नाहीत. म्हातारपणी काही जणांच्या वाढतात, तो भाग निराळा. केस किती लांब होणार हे तो किती काळ वाढतो त्यावर ठरतं. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता कंगव्यातले आणखी चार-सहा केस काढा आणि पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवा. केस पिकले असतील तर काळा कागद घ्या. त्यात एखादा आखूड, बारीक, किंचित फिकट केस असेल. त्याचं टोक बघा. सलूनमध्ये कात्री लागलेल्या केसाचं टोक बोथट असतं. याचं टोक निमुळतं आहे. म्हणजे हा केस कात्रीपर्यंत कधी पोचलाच नाही. तेवढा वाढायला त्याला वेळच मिळाला नाही. असे केस कपाळाच्या आणि भोवऱ्याच्या भागातून जास्त येऊ लागले की समजावं, टक्कल सुरू झालंय.

इथे थोडं थांबा. टक्कल म्हणजे केस गळणं, असं आपण धरून चालतो आणि रोज गळलेले केस मोजत बसतो. खरी घडामोड त्यानंतरची आहे. गळालेल्याच्या जागी येणारा केस आधीच्यापेक्षा बारीक येतो आणि लवकर जातो. त्याच्या पुढचा आणखी बारीक, आणखी लवकर जाणारा. सुश्रुतसंहितेत टकलाची कारणं सांगताना या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत, याचं मला नेहमी कौतुक वाटतं: वातासह पित्त रोमकूपात शिरून केस पाडतं, आणि मग रक्तासह कफ ती वाट अडवतो म्हणून दुसरा उगवत नाही. कारणमीमांसा आज टिकणारी नाही. पण पडणं वेगळं आणि परत न येणं वेगळं, हे निरीक्षण पक्कं आहे.

आता कागद बाजूला ठेवा, डोळे मिटा आणि हाताचा तळवा टाळूवर ठेवा. तळव्याखाली ऊब लागेल. त्या उबेच्या खाली, कातडीत तीन-चार मिलिमीटर खोल, चरबीच्या थरापर्यंत जाड केसांची मुळं पोचलेली असतात. प्रत्येक मुळाच्या तळाशी पेशींचा एक इवला गोळा असतो, त्याला पॅपिला म्हणतात. गोळा मोठा तर केस जाड, गोळा लहान तर केस बारीक. ही मुळं तुम्ही आईच्या पोटात असतानाच, पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत सगळीच्या सगळी तयार झाली. जन्मानंतर त्यात एकाचीही भर पडलेली नाही. लहानपणी जावळ काढल्याने केस दाट येतात असं घरोघरी म्हणतात, पण वस्तरा कातडीच्या वरून जातो आणि पॅपिला खाली असते. तिला त्याचा पत्ताही लागत नाही. विशीत ‘एकदा पूर्ण गोटा कर, सगळे दाट येतील’ असं सांगणारा मित्र प्रत्येकाला असतो. त्यालाही हेच उत्तर.

या पॅपिलापर्यंत रक्त पोचतं आणि रक्तातून टेस्टोस्टेरॉन पोचतं. वृषणांत तयार होणारं हे पुरुषी संप्रेरक. मुळाशी ‘फाइव्ह अल्फा रिडक्टेज’ नावाचं एक विकर असतं, ते टेस्टोस्टेरॉनमध्ये थोडासा बदल करून त्याचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बनवतं. नाव लांबलचक आहे. डॉक्टरही डीएचटीच म्हणतात. पेशीतल्या ग्राहीला, म्हणजे संप्रेरकाचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, डीएचटी टेस्टोस्टेरॉनपेक्षा जास्त घट्ट धरतं आणि जास्त वेळ धरून ठेवतं. निरोप मिळाला की टाळूवरच्या पॅपिलातल्या पेशी वाढ थांबवणारी रसायनं सोडतात. टीजीएफ-बीटा हे त्यातलं एक. वाढीचा काळ वेळेआधी संपतो. काही वर्षांची फेरी वर्षावर येते, मग काही महिन्यांवर. भुवईचं आठवा. दर फेरीला पॅपिला थोडी लहान होते, मूळ थोडं वर सरकतं. शेवटी तिथे बाळाच्या गालावर असते तशी लव उरते. तेलाच्या ग्रंथी मात्र या ओहोटीत सामील होत नाहीत, म्हणून टक्कल तेलकट लागतं.

तळवा तसाच ठेवून हे एकदा मनाशी म्हणून बघा: इथली मुळं गेलेली नाहीत, लहान झाली आहेत. ही समजूत घालण्याची भाषा नव्हे. २०११ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जॉर्ज कोट्सारेलिस यांच्या गटाने एकाच माणसाच्या डोक्यावरची टकलाची कातडी आणि केसांची कातडी शेजारी ठेवून तपासली. केसाच्या मूलपेशी दोन्हीकडे जवळपास सारख्याच होत्या. त्यांच्यापासून पुढे तयार होणाऱ्या, प्रत्यक्ष केस घडवणाऱ्या पेशी टकलात फार कमी होत्या. बियाणं शिल्लक, उगवण बंद.

आता हात टाळूवरून उचला आणि गालावर ठेवा. सकाळी दाढी केली असेल तरी खुंट लागतील. वयात येईपर्यंत इथे लव होती. मग हेच टेस्टोस्टेरॉन, हेच डीएचटी इथल्या मुळांपाशी आलं आणि लवेचा राठ केस झाला. दाढीच्या पॅपिला त्याच निरोपावर वाढ घडवणारी रसायनं सोडतात. १९७० साली ‘नेचर’ या नियतकालिकात एका संशोधकाने नाव न देता लिहिलं होतं, की तो कामासाठी एका बेटावर एकटा राहायचा आणि रोज रेझरमधली दाढी गोळा करून तिचं वजन करायचा. बेटावर असताना दाढीची वाढ मंदावायची आणि मैत्रिणीला भेटायचा दिवस जवळ आला की वाढायची. त्याने नाव का दिलं नाही हे सांगायला नको.

हात परत वर न्या, टाळूवर. पुन्हा खाली, गालावर. दोन-तीनदा करा. तेच रक्त, तेच संप्रेरक. वर केस लहान होतोय, खाली दाट होतोय. कोकणात एकाच पावसात भात तरारतो आणि परसातल्या मिरचीची मुळं कुजतात. पाऊस दोघांवर सारखाच पडलेला असतो. टकलाचं कोडं इथेच आहे, आणि बहुतेक गैरसमजही इथूनच निघतात. टक्कल पडलेल्या पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन जास्त असतं, म्हणजे तो जास्त ‘मर्द’, असं पानाच्या टपरीवर ऐकायला मिळतं. तपासून बघितलं तर त्याचं प्रमाण इतरांसारखंच निघतं. फरक टाळूच्या मुळांच्या संवेदनशीलतेत असतो.

आता हात मागे, मानेवर. कवटीच्या मागच्या उंचवट्यापासून मानेपर्यंत बोटं फिरवा. टाळू पूर्ण गुळगुळीत झालेल्या माणसाच्याही इथे केस दाट असतात, कानापासून कानापर्यंत. रक्तातलं संप्रेरक इथेही पोचतंच, पण इथली मुळं त्याला फारशी दाद देत नाहीत. पक्ष्यांच्या भ्रूणांवरच्या प्रयोगांवरून शास्त्रज्ञ असा अंदाज मांडतात, की कपाळ-टाळूची कातडी आणि मागची कातडी गर्भात वेगवेगळ्या पेशीसमूहांपासून बनतात. म्हणजे हा भेद जन्माआधीचा. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइक यांनी मागच्या कातडीचे छोटे गोल तुकडे काढून टकलात बसवले आणि १९५९ साली निष्कर्ष छापला: मागचे केस पुढे आले तरी मागच्यासारखेच वागतात. सारा हेअर ट्रान्सप्लांटचा धंदा याच एका गोष्टीवर उभा आहे. जागा बदलली तरी मुळाचा स्वभाव बदलत नाही.

हात मांडीवर ठेवा आता. पुढचं नुसतं ऐकायचं आहे.

खोज्यांना टक्कल पडत नाही, हे हिपोक्रेटिसच्या नावावरच्या सूत्रांत येतं. म्हणजे निरीक्षण दोन हजार वर्षांहून जुनं. त्याचा उलगडा करायला १९४२ साल उजाडलं. अमेरिकेतले शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी अशा पुरुषांचा अभ्यास केला, ज्यांची वृषणं काढून टाकली होती किंवा जे पुरुष म्हणून वयातच आले नव्हते. तरुणपणाआधीच ज्यांचं टेस्टोस्टेरॉन गेलं, त्यांचे केस शाबूत होते. त्यांच्यातल्या काहींना हॅमिल्टननी टेस्टोस्टेरॉन दिलं. ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं, त्यांना ते पडू लागलं. ज्यांच्या घराण्यात नव्हतं, त्यांना तेच संप्रेरक घेऊनही पडलं नाही. इंजेक्शनं थांबवल्यावर टक्कल वाढायचं थांबलं, पण गेलेले केस परत आले नाहीत. आनुवंशिकता आणि संप्रेरक, दोन्ही लागतात, हे या एका अभ्यासाने स्पष्ट केलं. त्यातली माणसं कोण होती, त्यातल्या कितींची वृषणं कुणाच्या हुकमाने काढली गेली होती, हा विचार मनात आला तर तो ढकलू नका. त्या काळी अमेरिकेत संस्थांमध्ये ठेवलेल्या माणसांवर अशा शस्त्रक्रिया होत असत. आपल्याला आज जे ठाऊक आहे त्याच्या मागे तेही आहे.

दुसरी गोष्ट डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास गावची. तिथे काही मुलं जन्मतः मुलीसारखी दिसायची, मुली म्हणून वाढायची आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचं शरीर पुरुषाचं व्हायचं. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली कारण छापलं: जनुकातल्या दोषामुळे त्यांच्यात फाइव्ह अल्फा रिडक्टेज नीट काम करत नव्हतं. टेस्टोस्टेरॉन भरपूर, डीएचटी अगदी कमी. मोठेपणी या पुरुषांची दाढी विरळ, प्रोस्टेट लहान आणि कपाळाच्या खाचा नाहीत. टेस्टोस्टेरॉन असूनही टक्कल नाही, म्हणजे काम डीएचटीचं, एवढा सरळ पुरावा निसर्गानेच हाती दिला. तेच विकर अडवणारं फिनास्टेराइड १९९२ साली अमेरिकेत प्रोस्टेटसाठी आणि १९९७ साली टकलासाठी मान्य झालं. आज आपल्याकडे तरुण मुलं औषधाच्या दुकानातून ते घेतात. त्याच्या मुळाशी एका लहानशा गावातली मुलं आहेत, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं.

आता आपल्या माणसांना आठवा. वडिलांचं डोकं. मामाचं. आजोबांचे जुने फोटो, टोपीखाली काय होतं कोण जाणे. ‘मामावर गेलाय’ या बोलण्यात थोडं तथ्य आहे. संप्रेरकाचा निरोप घेणाऱ्या ग्राहीचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि पुरुषाला ते एकच, आईकडून मिळतं. पण आईचं एक्स तिच्या आई आणि वडील दोघांच्या मिश्रणाचं असतं, त्यामुळे आईच्या वडिलांवरच सगळं ढकलता येत नाही. शिवाय हा हिशेब एका जनुकाचा नाहीच. २०१७ साली एडिंबरच्या संशोधकांनी ५२,००० ब्रिटिश पुरुषांच्या नोंदी तपासल्या. टकलाशी संबंध असलेल्या २८७ जागा सापडल्या, त्यातल्या ४० एक्सवर आणि बाकीच्या इतर गुणसूत्रांवर. म्हणजे वडिलांचा वाटाही भरपूर. एकाच घरात दोन भाऊ, एकाचं डोकं दाट आणि दुसऱ्याचं विरळ, याचं नवल वाटायला नको.

ही माणसं समोर आहेत तोवर एक काम उरकून घ्या. हेल्मेटला सोडून द्या. टोपीला, बोअरच्या पाण्याला, पुण्याहून मुंबईला झालेल्या बदलीला, शाम्पूला, हॉस्टेलच्या मेसला. तेल न लावल्याला. एकेकाचं नाव घ्या आणि सोडा. या कशानेही कपाळ-भोवऱ्याच्या ठरलेल्या नकाशाचं टक्कल पडत नाही. तेल कातडीवर राहतं, डोकं शांत वाटतं, आई डोक्याला हात लावते. तेवढ्यासाठी ते जरूर लावावं.

केस जायची दुसरी कारणं असतात, ती यात मिसळू नयेत. डेंगी, टायफॉइड, मोठं ऑपरेशन, अशा धक्क्यानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरचे केस भसाभस गळतात आणि बहुधा परत येतात. चाई पडते ती नाण्याएवढी, गोल, एका जागी. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्यातल्या शेगाव तालुक्यात काही गावांत बायका, पुरुष, मुलं यांचे केस काही दिवसांत गेले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखवलं. ते प्रकरण आणि तुमच्या भोवऱ्यावरचं टक्कल यांचं नातं नाही. एक काही दिवसांत घडतं, दुसरं पंधरा-वीस वर्षांत.

पुन्हा एकदा तळवा टाळूवर. औषधांबद्दल एवढंच. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले म्हणून तिचं डोक्याला लावायचं द्रावण झालं, १९८८ साली अमेरिकेत मान्य. ते वाढीचा काळ लांबवतं. फिनास्टेराइड रक्तातलं डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी उतरवतं. काहींना लैंगिक तक्रारी होतात, आणि घरात गरोदर बाई असेल तर तिने फुटलेली गोळी हाताळू नये, कारण पोटातल्या मुलग्याला डीएचटी लागतं. दोन्ही औषधं लव झालेल्यापेक्षा अजून तग धरून असलेल्या केसांवर जास्त चालतात आणि बंद केली की परिणाम काही महिन्यांत ओसरतो. म्हणून घ्यायची तर लवकर आणि डॉक्टरला विचारून. न घेणं हाही पूर्ण शहाणा निर्णय आहे. लव झालेली टाळू आजारी नसते.

अपवाद एकच, आणि तो ऐकून मग उठा. तरुण वयात भोवऱ्यावर टक्कल पडलेल्या पुरुषांत हृदयविकाराचं प्रमाण थोडं जास्त आढळल्याचं अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केल्यावर दिसलं आहे. टक्कल हृदय बिघडवत नाही. दोन्ही एकत्र दिसतात, इतकंच. तेव्हा तिशीतच भोवरा उघडा पडला असेल तर पुढच्या महिन्यात तेलाच्या बाटलीऐवजी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासायला पैसे घाला.